ओठांमागची हवा

मुलगी चावली तेव्हा मला आनंद झाला. मी कुणाला हे सांगितलं नाही, पण झाला. माइतेच्या अंगठ्यातून रक्त आलं, पांढऱ्या कोटाच्या बाहीवर उतरलं, थोडं फरशीवर सांडलं, आणि भिंतीलगत बसून बघणाऱ्या बाकीच्या शिकाऊ पोरी एकदम उभ्या राहिल्या. मी उभी राहिले नाही. मी त्या मुलीच्या जबड्याकडे बघत होते. सहा वर्षांची यारेत्सी, समोरचे दुधाचे दात पडलेले, टाळूला दोनदा टाके घातलेले, आणि तरी काय पकड होती. सोडेचना. माइते किंचाळलीही नाही, नुसती "बाई, बाई" म्हणत माझ्याकडे बघत राहिली. शिकवणारी मी, तेव्हा सोडवायचंही मीच. शेवटी मी उठून मुलीच्या कानाशी तोंड नेलं आणि म्हटलं, "पुरे. कळलं तिला." तेव्हा कुठे तिनं दात उघडले आणि तोंडातलं रक्त बाहीला पुसलं. तिच्या चेहऱ्यावर राग नव्हता. काम संपवून हात धुवायला जाणाऱ्या माणसाचा असतो तसा चेहरा होता. तो चेहरा मला ओळखीचा वाटला.

घडलं होतं एवढंच, की माइतेनं तिचं नाक चिमटीत धरलं आणि हसून म्हटलं, "म्हण, पापा." यात चुकीचं काय, असं त्या पोरींना वाटणारच. प म्हणायचा म्हणजे ओठ मिटायचे, त्यांच्यामागे हवा अडवायची आणि सोडून द्यायची. ज्याची टाळू धड आहे त्याला यात शिकण्यासारखं काही नाही. टाळूला फट घेऊन जन्मलेल्याची हवा नाकातून निसटते. पुढे शस्त्रक्रिया होते, फट बुजते, पण तोवर पोर आपलं आपण शहाणं झालेलं असतं: वर हवा अडत नाही तर खाली घशात अडवावी. मग प, त, क सगळ्यांच्या जागी घशातला एकच ठसका. टाके ती सवय मोडत नाहीत. ती मोडायला आम्ही लागतो. आणि ती फुगे फुगवून किंवा मेणबत्त्या विझवून मोडत नाही, हे पोरींच्या डोक्यातून काढण्यातच माझा पहिला दिवस जातो. नाक क्षणभर मिटलं की हवेला तोंडाखेरीज वाट राहत नाही, मुलाला ती ओठांवर लागते. ही युक्ती मीच शिकवते. फक्त चिमटी मुलाची स्वतःची हवी. हेही मी पहिल्या दिवशी सांगते, त्या मान डोलावतात आणि तिसऱ्या दिवशी नाकं पकडत सुटतात. राहिला शब्द. या धंद्यात सगळ्यांचा पहिला शब्द पापा. दोन प, सोपा आ, बापाला मारायची हाक, पोराला ठाऊक असलेली. घरी जाऊन म्हणून दाखवला की बाप रडतो, आणि रडलेला बाप पुढच्या खेपेला पोराला घेऊन येतो. कुणी कधी विचार करत नाही की हा शब्द एखाद्या पोराला नको असेल. मलाही तोच शिकवला होता.

दुपारी आमच्या प्रमुख डॉक्टरांनी मला बोलावून घेतलं. ज्वालामुखीची राख सकाळपासून पडत होती, ते खिडकी लावायला सांगत होते आणि मधेमधे बोलत होते. त्यांचं म्हणणं सरळ होतं. शिकाऊ मुलींच्या अंगाला इजा होता कामा नये. ती पुन्हा चावली तर तिची जागा यादीतल्या दुसऱ्या मुलाला. मी म्हटलं, ती डोंगराच्या अंगच्या गावची आहे, तिकडे वाणीचा इलाज करणारं कुणी नाही, शिबिराचे हे दोन आठवडे गेले तर तिचं बोलणं आयुष्यभर घशातच राहील. ते म्हणाले, "सेनाइदा, तू हे प्रत्येक पोराबद्दल म्हणतेस." खरं होतं. मी त्यांच्या टेबलावरचा जड काचेचा गोळा हातात घेतला आणि तो त्यांच्या कपाळावर कसा बसेल, याचा विचार करत राहिले. मग खाली ठेवला. हे मला नेहमीच होतं. हात आधी शिवशिवतो.

हात आधी, कारण तोंड नव्हतं. मी वेहोत्सिंगो गावची. आमच्याकडे कार्निव्हलला गावातले पुरुष पलटणी करतात, मुखवटे घालतात आणि चार दिवस एकमेकांवर गोळी न भरता नुसत्या दारूच्या बंदुका झाडतात. आमचे वडील तुर्कांचा वेष घेणाऱ्या पलटणीत. घरात महिनाभर आधीपासून बंदुकीच्या दारूचा वास, आईच्या पिठालाही तोच. वडील नळीत दारू ओतायचे, गजानं ठासायचे, पुन्हा ठासायचे. ठासली तर धडाका, सैल राहिली तर नुसती फुस्स. मी आजही पोरींना प शिकवताना हेच सांगते, आणि त्या लिहून घेतात. लहानपणी मात्र मी त्या नळीकडे बघायची आणि मला कळायचं, की माझी नळी मागून उघडी आहे. आमच्या भाषेतल्या शिव्या नीट ऐकल्या तर लक्षात येईल, सगळ्या प, क, त, च यांच्याच केलेल्या असतात. हवा दाबून फोडल्याशिवाय शिवी होतच नाही. मी शिवी दिली की पोरं हसायची आणि म्हणायची, परत दे. निकांद्रो नावाचा मुलगा होता, तो नाकात बोलून माझी नक्कल करायचा, हुबेहूब करायचा, माझ्या आईलाही फसवलं असतं इतकी. एके दिवशी मी त्याच्या तोंडावर विटेचा तुकडा घातला. त्याचे दोन दात तुटले, आणि मग त्याची नक्कल आणखीच हुबेहूब झाली. मला त्याचं वाईट वाटलं नाही, आजही वाटत नाही. विटेची धार हातात कशी बसली होती ते आठवतं.

यारेत्सीचा बाप एलिसेओ. घाऊक बाजारात पेट्या वाहतो, खांदे रुंद, हसरा माणूस. रोज पोरींसाठी मक्याच्या पानात उकडलेले गरम तामाले आणायचा, प्रत्येकीचं नाव लक्षात ठेवायचा, डॉक्टरांना वाकून नमस्कार करायचा. बायको गावी, लहानग्याजवळ. पहिल्या दिवशी मुलीच्या दंडावर निळा वळ दिसला तेव्हा माइतेनं तिलाच विचारलं, हे काय गं झालं? मुलीनं उत्तर दिलं. लगेच दिलं, स्पष्ट दिलं, घशातून. माइतेनं बापाकडे बघितलं. सगळेच बघतात. अशा पोरांचं बोलणं घरातल्या एखाद्यालाच कळतं, तो दुभाषा होतो, डॉक्टर त्याला विचारतात, शाळा त्याला विचारते, आणि हळूहळू पोर बोलून झालं की स्वतःच त्याच्याकडे बघायला लागतं. एलिसेओ हसला. "खाटेवरून पडले म्हणते," तो म्हणाला. "माकड आहे नुसती." आणि तिच्या केसांतून हात फिरवला. पण ते बोलणं मलाही कळतं. मी त्याच बोलण्यात वाढले. ती खाट म्हणाली नव्हती. ती काय म्हणाली ते मी ऐकलं होतं, आणि हा माणूस तिच्या तोंडावर तिचं बोलणं बदलत होता. ती त्याच्याकडे बघत होती, आपण काय म्हणालो ते त्याच्याकडून ऐकून घेत होती.

मी गप्प बसले नाही. मुलांच्या संरक्षणाच्या सरकारी खात्यातला माणूस मी त्याच आठवड्यात बोलावून घेतला. सान्ताक्रूस त्याचं नाव, थकलेला, भला, बूट राखेनं भरलेले. त्यानं मुलीसमोर उकिडवं बसून विचारलं. मुलीनं सांगितलं. त्यानं मान वर करून बापाकडे बघितलं. बाप म्हणाला, खाट. मी म्हटलं, मी सांगते ती काय म्हणाली. सान्ताक्रूस मला बाजूला घेऊन म्हणाला, "बाई, तुमच्यावर माझा विश्वास आहे. पण बाप एक सांगतो, तुम्ही एक सांगता. माझ्या कानांना दोन्ही सारखंच. मुलीनं असं बोलू दे की मला कळेल." मी त्याचा शर्ट धरला होता, हे त्यानं माझा हात सोडवला तेव्हा मला कळलं. त्याचं चुकलं नव्हतं, म्हणून तर राग अनावर होता. जो मारतो तोच तिचं तोंड. तिला पापा म्हणायला शिकवून आम्ही त्याच्याच हातात लोकांना भुलवायला आणखी एक तामाले ठेवणार होतो.

चावल्याच्या दुसऱ्या दिवशी माइते अंगठ्याला पट्टी बांधून आली. ताम्पिकोची, समुद्राकडची पोरगी, बोलायला लागली की थांबत नाही. मला वाटलं होतं, ती दुसरं मूल मागेल. ती म्हणाली, "बाई, तुम्हाला मजा वाटली ना काल? मी बघितलं तुमचं तोंड." मी म्हटलं, वाटली. "म्हटलंच. मला नाही वाटली. मग आता सांगा, पापा नको तर सुरुवात कशानं करायची?" मी म्हटलं, मला काय विचारतेस, शब्द काय माझ्या तोंडात घालायचाय? ती थोडा वेळ माझ्या ओठावरच्या व्रणाकडे बघत राहिली आणि मग मुलीसमोर जमिनीवर बसली. आधी तिनं स्वतःचं नाक पुढे केलं. "धर. माझं धर. जोरात." यारेत्सीनं धरलं, आणि असं पिरगळलं की माइतेच्या डोळ्यांतून पाणी आलं. माइते तशीच नाक धरून घेऊन हसत हसत प, प, प म्हणत राहिली आणि तिच्या ओठांची हवा मुलीच्या मनगटावर लागत राहिली. मुलीनं मनगट मागे घेतलं, बघितलं, पुन्हा पुढे केलं. मग माइतेनं विचारलं, "तुला कुठला शब्द हवा?"

मुलीनं सांगितलं. घशातले ठसके. माइतेनं सवयीनं मान वळवून माझ्याकडे बघितलं. मला कळलं होतं. माझ्या जिभेवर शब्द आला होता, आणि जीभ दाबून धरायला मला इतके कष्ट पडले की जबडा दुखायला लागला.

"सांगा ना बाई."

"नाही सांगणार. तिचं बोलणं दुसऱ्यानं सांगायचं, हेच चाललंय जन्मापासून."

मुलीनं आम्हा दोघींकडे बघितलं. मग तिनं कोपर वर केलं, चेहऱ्याआड धरलं, मान खांद्यात घातली, आणि तोच शब्द पुन्हा म्हटला. माइतेच्या चेहऱ्यावरचं हसू गेलं. "पाराले?" तिनं हळूच विचारलं. मुलीनं मान डोलावली. पाराले. थांब, बस कर. आमच्याकडे खेळात, भांडणात, बसमध्ये, गुदगुल्यांतसुद्धा दिवसभर कानावर पडणारा शब्द. त्यात एकच प, तोही अगदी सुरुवातीला, दाराशीच. पुढचं सगळं तिला येत होतं.

त्या दिवसापासून त्या दोघी दुसरं काही करत नव्हत्या. मुलगी स्वतःचं नाक धरायची, ओठ मिटायची, नुसती कुजबुजायची, आवाज न लावता, म्हणजे घसा मधे कडमडायला नको. समोर ओठांच्या हवेनं हलेल अशी कागदाची पट्टी. पट्टी हलली नाही की ती पट्टीला मारायची. माइते मारू द्यायची. मी मागे बसून बघायची आणि मला सारखी बाल्बिना बाई आठवायची, माझ्या बाई, कांद्याचा वास येणाऱ्या बोटांनी माझं नाक आवळून धरणाऱ्या. त्यांना टाळूबिळू काही माहीत नव्हतं, जिद्द होती. श्वास कोंडून मी लाल व्हायची, लाथा मारायची, त्या सोडायच्या नाहीत. तशात एकदा प फुटला. त्यांनी मला मिठी मारली, आणि म्हणाल्या, आता कार्निव्हलला घरी जाऊन वडिलांना पापा म्हण, बघ कसे रडतात.

कार्निव्हलच्या मंगळवारी अंगणात वडिलांचे सोबती बसले होते, मुखवटे वर केलेले, तोंडं काळी. मी मोलेच्या तिखट रश्श्याची परात घेऊन आले. एकानं माझं नाव विचारलं. मी सांगितलं, आणि सगळे हसले, दुष्टपणानं नाही, प्यायलेली माणसं हसतात तसे. वडील हसले नाहीत. त्यांनी मला दंडाला धरून पाण्याच्या टाकीमागे नेलं आणि पट्टा काढला. पाहुण्यांसमोर तोंड उघडायचं नाही, हा आमच्या घरचा कायदा होता, आणि तो फक्त माझ्यासाठी होता. पट्टा वर गेला तेव्हा मी म्हटलं, पापा. नीट म्हटलं. दोन्ही प ओठांवर. हात वरच थांबला. वडिलांनी माझ्याकडे बघितलं, मग घराकडे तोंड करून आईला हाक मारली. "ऐकलंस? पोरगी पापा म्हणाली." त्यांच्या काळ्या गालावरून पाणी आलं. आई पिठाच्या हातांनी धावत बाहेर आली. मी हसत होते. बाल्बिना बाईंचं खरं झालं होतं. आणि मग तो वर गेलेला हात खाली आला. काम अर्धवट सोडायची त्यांना सवय नव्हती. बक्कल वरच्या ओठावर बसलं आणि लहानपणी टाळूबरोबर डॉक्टरांनी शिवलेली ओठाची शिवण उसवली. हा व्रण जन्मजात नाही, सगळ्यांना वाटतो तसा. मला आजवर न कळलेली गोष्ट ती नाही की त्यांनी मारलं. मधे ते थांबले, ती आहे. त्या थांबण्यात किती जागा होती. कुणीही येऊन उभं राहू शकलं असतं. आई दारात पिठाचे हात घेऊन उभी होती.

शेवटच्या दिवशी आमच्याकडे रीत आहे. आईबापांना बोलावतात, मूल बुटक्या स्टुलावर उभं राहतं आणि आपला नवा शब्द सगळ्यांना ऐकवतं. टाळ्या, केक, फोटो. मी सान्ताक्रूसलाही बोलावलं होतं. केकसाठी या, एवढंच म्हटलं. तो मागच्या रांगेत कागदी बशी मांडीवर घेऊन बसला. एक एक मूल चढलं, पापा, पापा, पापा, आणि एक एक बाप डोळे पुसत उठला. एलिसेओ पहिल्या रांगेत होता, इस्त्रीचा शर्ट, केस ओले करून विंचरलेले, फोन हातात तयार. रात्रभर मी त्याला मारत होते, कधी बंदुकीच्या दस्त्यानं, कधी विटेनं, आणि सकाळी उठले तर खांदे भरून आले होते. यारेत्सी स्टुलावर चढली. नाक धरलं नाही, गरज राहिली नव्हती. माइते तिच्या शेजारी जमिनीवर बसली होती, पट्टीचा अंगठा दुसऱ्या मुठीत धरून.

"पाराले," मुलगी म्हणाली.

जोरात नाही. पण प ओठांवर फुटला, मी शपथेवर सांगेन. मागून कुणीतरी कौतुकानं हसलं. एलिसेओही हसला, अभिमानानं, आजूबाजूला बघत. मग तो उठून पुढे आला. "शाब्बास माझी राणी. आता पापा म्हण. पापा म्हण, सगळे वाट बघतायत." आणि त्यानं तिचा दंड धरला, बरोबर वळावर, सवयीची जागा असावी. ती त्याच्याकडे बघत राहिली. पापा तिला येत होतं, हे मला ठाऊक होतं, त्याच ओठांनी येतं ते. तिनं मोकळं कोपर वर केलं, चेहऱ्याआड धरलं आणि पुन्हा म्हणाली, पाराले. या वेळी पूर्ण खोलीला ऐकू गेलं. कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत. एलिसेओचं हसू तोंडावर तसंच होतं, आणि त्याचा हात वर गेला. त्याला कळलंही नसेल. कोपर वर झालं की हात वर, घरात रोज होत असेल तसं. मग त्याला लोक दिसले आणि हात वरच थांबला.

ते थांबणं मला माहीत होतं. त्यात किती जागा असते ते माझ्याइतकं कुणाला माहीत नसेल. मी विचार केला नाही, मी त्या जागेत शिरले, मुलीला पाठीशी घालून, आणि त्याच्या तोंडाजवळ तोंड नेऊन त्याला एक शिवी दिली. ठासलेली, पहिल्या अक्षरापासून शेवटच्यापर्यंत. हात खाली आला. शिवण पुन्हा उसवली, गरम रक्त दातांवर उतरलं, डोळ्यांसमोर पांढरं झालं, आणि माझी मूठ वळलेली मला दिसली, त्याच्या गळ्याच्या घाटीपासून वीतभर. मला ती मारायची होती. देवाशपथ मारायची होती, तिला सगळा रस्ता पाठ होता. पण मागून स्टुलावरून मुलगी पुन्हा बोलली, आणि मला कळेना, त्याला म्हणतेय की मला. मूठ तिथेच राहिली.

खुर्च्या सरकल्या. माइते मुलीला कवेत घेऊन उभी राहिली होती. सान्ताक्रूस मागच्या रांगेतून पुढे येत होता, बशीतला केक त्याच्या पँटवर सांडला होता, ते त्याच्या लक्षात नव्हतं. एलिसेओ त्याला बघून सावरला, हसला, आणि नेहमीसारखं सांगायला लागला, साहेब, ती म्हणते ना, ती म्हणतेय की... सान्ताक्रूसनं त्याच्याकडे बघितलंच नाही. तो मुलीसमोर उभा राहिला, खिशातून पेन काढलं आणि तिनं म्हटलेला शब्द लिहून घेतला. मग तिलाच दाखवला. ती काय म्हणाली, हे कुणी तिच्या बापाला विचारलं नाही.